रंग फुटला की बाहेर

एका रविवारी संध्याकाळी नवरा आंघोळ करून बाहेर आला आणि त्याच्या पाठीवर मला निळे-जांभळे गोल दिसले. एकेक गोल रुपयाच्या नाण्याएवढा, कडेला गडद, मध्ये फिकट. एक दंडावर, एक मांडीवर, आणि एक अशा जागी की खुर्चीवर बसताना तो आधी एका बाजूने बसून अंदाज घेत होता.

लग्न मुरलेल्या बाईच्या डोक्यात अशा वेळी जे काही येतं, ते सगळं माझ्याही डोक्यात येऊन गेलं. पण कुठल्याही लफड्यात माणसाच्या अंगावर इतके शिस्तीत वळ उठत नाहीत.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"टीम बिल्डिंग," तो म्हणाला.

नवरा चाकणच्या एका कंपनीत टूलरूममध्ये आहे. गाड्यांचे पत्रे ठोकून आकाराला आणायचे जे साचे असतात, ते बिघडले की हा दुरुस्त करतो. त्यांच्या एचआरला दरवर्षी एकीचा झटका येतो. मागच्या खेपेला योगासाठी सतरंज्या वाटल्या होत्या. त्या सतरंज्या आता अर्ध्या चाकणच्या बाल्कन्यांत पापड वाळवायला आहेत. या खेपेला सगळ्यांना पेंटबॉल खेळायला नेलं. तोंडावर मास्क लावायचा, हातात बंदूक घ्यायची आणि एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडायच्या. अंगावर गोळी फुटली की तो माणूस बाद. नवऱ्याचं म्हणणं असं की सगळ्यांत जास्त गोळ्या प्रॉडक्शन मॅनेजरला लागल्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा त्याच्याच टीमकडून.

सासूबाई सोफ्यावर बसून ऐकत होत्या. त्या मावळातल्या. पिंपळे सौदागरच्या सातव्या मजल्यावर राहायला येऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण बोली अजून लिफ्टने वर आलेली नाही.

"म्हंजी रंगपंचमीच की," त्या म्हणाल्या. "मग त्याला पैसं कशाला द्यायचं?"

हा प्रश्न मी तेव्हा हसण्यावारी नेला. पुढे तो माझ्या संसाराला चांगला नडला.

कारण नवरा पुढच्या रविवारीही गेला. त्याच्या पुढच्याही. कंपनीचं टीम बिल्डिंग केव्हाच आटोपलं होतं, पण याला आणि त्यांच्या एचआरवाल्याला नाद लागला होता. टूलरूममधला एक गोलमटोल मित्र आणि आमच्या बिल्डिंगमधला दातांचा डॉक्टर असे आणखी दोघे त्यात ओढले गेले. पाचवा माणूस दर खेपेला नवा असायचा आणि दुसऱ्यांदा यायचा नाही.

मग एक दिवस खोकं आलं. आत फोमच्या गादीत एक काळी-निळी चकचकीत बंदूक राजपुत्रासारखी झोपलेली. खेळणारे तिला बंदूक म्हणत नाहीत, मार्कर म्हणतात. बंदूक म्हटलं की त्यांचा जीव दुखावतो. बेंगळुरूचा कुणी खेळाडू मुलगी झाली म्हणून खेळ सोडत होता, त्याच्याकडून नवऱ्याने ती सेकंडहँड घेतली होती. त्या मुलीच्या आईला मी कधी पाहिलेलं नाही, पण तिच्याबद्दल मला आजही आदर आहे.

"केवढ्याला?" मी विचारलं.

त्याने आकडा असा पुटपुटला की जणू तो आकडा नसून गणपतीसमोर म्हणायचा मंत्र आहे. मी दोनदा म्हणायला लावला. स्वयंपाकघरातला ओटा तोडून नवा करायचं आमचं त्या वर्षी ठरलं होतं. तो ओटा, वर चिमणी, आणि खालच्या सरकत्या ट्रॉल्या, हे सगळं त्या फोमच्या गादीत झोपलं होतं.

मी हिंजवडीच्या एका कंपनीत टेस्टर आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये चुका शोधायच्या आणि त्या त्यांच्या तोंडावर सांगायच्या, याचा मला पगार मिळतो. त्यामुळे भांडणात मी कच्ची नाही. पण नवरा भांडला नाही. तो एवढंच म्हणाला, "एकदा येऊन बघ. मग बोल."

मी म्हटलं, येते. बघते. आणि मग बोलते.

मैदान चाकणच्या पुढे, गोदामांच्या मागे. एका बाजूला कंटेनरच्या रांगा, दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या शेडमधून येणारा प्रेसचा धाडधाड आवाज, आणि मध्ये हिरवी जाळी लावून घेतलेली मोकळी जागा. जाळीच्या आत हवा भरलेले फुगीर अडथळे उभे केलेले होते. कुणी शंकूसारखा, कुणी गादीसारखा, एक तर थेट सापासारखा लांबच लांब आडवा पडलेला. त्यांना बंकर म्हणतात. लहान मुलांच्या वाढदिवसाला भाड्याने आणतात ती उड्या मारायची खेळणी कुणीतरी युद्धावर पाठवावीत, तसं ते दृश्य होतं.

मैदान चालवणारा तिथलाच, गावातल्या जुन्या घरातला. पस्तिशीचा, गळ्यात चेन, पायात महागडे बूट, गाडी त्याहून महाग. आधी ती त्यांची कांद्याची जमीन. मग एमआयडीसी आली, आजूबाजूचे तुकडे कोटीत गेले, आणि हा तुकडा गोदामासाठी मंजुरी मिळेपर्यंत रिकामा होता. म्हणून त्याने तिथे जाळी लावली. स्वतः तो मोठ्या स्पर्धा खेळून आलेला होता.

"ताई," पहिल्याच भेटीत तो मला अभिमानाने म्हणाला, "एक अख्खा गुंठा आमी गोळ्यांत फोडलाय. घरच्यांना इचारा."

मी विचारायची गरज नव्हती. माझ्या घरचा ओटा मला दिसतच होता.

त्या दिवशी त्यांचा पाचवा माणूस आला नाही. कंपनीने ओव्हरटाइमला थांबवलं म्हणे. चौघांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंजाबी ड्रेसमध्ये, हातात डब्याची पिशवी.

"नुसती उभी राहा," एचआरवाला म्हणाला. "एक बंकर धरून बसायचं. काही करायचं नाही."

काही करायचं नाही, हे एचआरवाल्याने सांगितल्यावर मला कामाची कल्पना आली. भाड्याचं जॅकेट चढवलं. त्याला आधी तो घालून गेलेल्या सगळ्यांचा मिळून एक वास होता. भाड्याचा मास्क लावला. शिट्टी वाजली. मी गादीच्या आकाराच्या बंकरकडे पळाले, डोकं बाहेर काढून बघितलं आणि मास्कच्या मधोमध फाट् करून पिवळा रंग. संपलं. मी बाहेर.

दुखलं का? दुखलं. पण खरं तर अपमान जास्त झाला. घरात, ऑफिसात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, मला इतक्या लवकर कुणी गप्प केलं नव्हतं.

दुसऱ्या डावात मी शहाणपणा केला. बंकरच्या मागे मुटकुळं करून बसले आणि हललेच नाही. बाकीचे चौघं एकेक करून बाद झाले. मी एकटीच शिल्लक, आणि मला वाटतंय की मी किती भारी खेळतेय. मग समोरचे पाचही जण सावकाश, गप्पा मारत, दोन्ही बाजूंनी चालत आले. पुढचं सांगत नाही. रात्री मीही खुर्चीवर एका बाजूने बसून अंदाज घेतला.

मैदानवाला हसत हसत आला. "ताई, लपलं की वाचलं असं न्हाई हितं. लपलं की फकस्त उशिरा मरतंय."

तिसऱ्या डावात नवरा माझ्या पुढच्या बंकरमध्ये होता. सवयीप्रमाणे त्याला स्वतःच्या डाव्या हाताचं काहीच दिसत नव्हतं. घरातही डाव्या कप्प्यात ठेवलेली वस्तू त्याला जन्मात सापडत नाही. डावीकडून एक जण वाकून येताना मला दिसला. मी ओरडले, "अरे डावीकडे! डावीकडे बघ! तुझ्या डाव्या हाताला, मेल्या!"

तो वळला आणि त्याने त्याला टिपलं. मी पुन्हा ओरडले, "आता शंकूमागे एक आहे, खाली बसलाय!" दातांच्या डॉक्टरने तो टिपला. डॉक्टर कमी गोळ्या झाडायचा आणि दात काढायला आल्यासारखा थांबून नेम धरायचा. मी एकही गोळी न झाडता ओरडत राहिले आणि आम्ही तो डाव जिंकलो.

मास्क काढला तेव्हा माझा घसा बसला होता, केस घामाने चिकटले होते, डब्यातली पोळी-भाजी कुणीतरी खाऊन टाकली होती, आणि बोलायचं काय होतं ते मी पार विसरले होते.

"बंदूक खेळत न्हाई ताई," मैदानवाला म्हणाला. "तोंड खेळतंय. ह्या लोकांना मी कवापास्नं सांगतोय, एकमेकांशी बोला. समदे मुक्यावानी खेळत्यात. तुमचं तोंड चांगलं हाय."

माझ्या तोंडाची कुणी स्तुती केल्याची ही आयुष्यातली पहिलीच वेळ.

असा मी टीममध्ये पाचवा माणूस झाले, आणि मग मला खर्च कळायला लागला. बाहेरच्यांना वाटतं, खर्च बंदुकीचा. बंदूक ही नुसती सोयरीक आहे, खरा खर्च नंतरच्या सणावारांचा असतो. गोळ्यांना खेळणारे पेंट म्हणतात. एक गोळी एकदाच. लागली तरी गेली, चुकली तरी गेली. क्रिकेटचा चेंडू गटारात गेला तर आमच्या लहानपणी पोरं गटारात उतरायची. इथे बंदुकीतून निघाली की लक्ष्मी घर सोडून गेली. वर त्या गोळ्या नाजूक. पावसाळी हवेत फुगतात, उन्हात मऊ पडतात, फार दिवस ठेवल्या तर नळीतच फुटतात. आमच्या फ्रीजच्या भाजीच्या कप्प्याशेजारी त्यांची खोकी आली. सासूबाईंनी एकदा डोळ्यांना कमी दिसतं म्हणून त्या लिमलेटच्या गोळ्या समजून हातात घेतल्या होत्या, थोडक्यात निभावलं.

नवरा गोळ्या उडवायचा तो लग्नात अक्षता टाकल्यासारखा. एका रविवारी तो जेवढ्या उडवायचा त्यात आमचा महिन्याचा किराणा निघाला असता. मग मार्कर ज्या दाबाच्या हवेवर चालते ती बाटल्यांत भरून घ्यायची, मैदानाचं भाडं, पेट्रोल, स्पर्धेची फी. आणि मीही काही सती-सावित्री राहिले नाही. भाड्याच्या मास्कच्या वासाला कंटाळून मी स्वतःचा घेतला. काचेवर वाफ न धरणारा. मग बूट. मग हातमोजे, कारण बोटाला गोळी लागली की दुसऱ्या दिवशी कीबोर्डवर टाइप करताना देव आठवतात. ओटा तोच राहिला. कोपऱ्यातली फरशी हलायची, ती हलतच राहिली.

सराव आम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये करायचो. गोळ्यांशिवाय, फुकट. खांब म्हणजे बंकर. रविवारी सकाळी पाच मोठी माणसं हातात झाडू आणि छत्र्या धरून खांबामागून खांबामागे वाकून पळतायत आणि "उजवा वर गेला!", "मधला बाद!" असं ओरडतायत. सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार पडली की पार्किंगमध्ये काही सभासद कवायत करत असून त्यामुळे ज्येष्ठांना असुरक्षित वाटतं. त्या ज्येष्ठांपैकी निम्मे खुर्च्या टाकून बघायला बसायचे आणि आमचा गोलमटोल मित्र पळायला लागला की टाळ्या वाजवायचे.

या सरावात मला एक गोष्ट समजली. बाकीचे एकमेकांवर ओरडायला लाजायचे. एचआरवाला तर "तुला जमत असेल तर जरा डावीकडे बघशील का" असं बोलायचा. तेवढ्यात माणूस दोनदा मरतो. नवऱ्याला आणि मला ही अडचण नव्हती. आम्ही एकमेकांवर ओरडायचा सराव घरीच करून आलो होतो. मी ओरडायचे, तो ऐकायचा, आणि ओरडले म्हणून वाईट वाटून घ्यायचा नाही. तो बंकर सोडून पुढे पळायला घाबरायचा नाही, फक्त कुठे पळायचं हे त्याला कुणीतरी सांगावं लागायचं. आम्ही दोघे मिळून एक बरा खेळाडू होतो.

हिवाळ्यात मैदानवाल्याने स्पर्धा भरवली. बाहेरगावच्या टीम आल्या. एका मुंबईच्या टीमने छापील जर्सी घातल्या होत्या, पाठीवर कुठल्या तरी पेयाची जाहिरात. त्यांच्याबरोबर एक माणूस फक्त पाण्याच्या बाटल्या आणि टॉवेल द्यायला. आमच्याबरोबर सासूबाई होत्या. "बघू तरी पैसं कुटं जात्यात," म्हणून घरून निघाल्या, मैदानावर खुर्ची मिळाली, आणि त्या जाळीबाहेर शाल पांघरून बसल्या.

पहिला सामना आम्ही जिंकलो. कसा ते आमचं आम्हालाही नीट कळलं नाही. दुसऱ्यात डॉक्टरने एकट्याने तिघं काढले. एचआरवाला आनंदाने कुणालाही मिठी मारत सुटला. आणि उपांत्य सामन्यात समोर आली ती जाहिरातवाली टीम.

ते चांगले खेळत होते. जर्सीमुळे नाही. शिट्टी वाजल्याबरोबर त्यांचे दोघं इतक्या लांब पळत गेले की आम्ही अजून पहिल्याच बंकरला होतो. त्यातला एक पळतानाच बाद झाला. लगेच हात वर करून, मान न वळवता, निघून गेला. जणू दुकानात सुटे पैसे देऊन आला. त्याच्या मरण्याने दुसऱ्याला जागा मिळाली होती, आणि त्याला त्याचं काही दुःख नव्हतं.

आमचे तिघं गेले. त्यांचेही तीन गेले. राहिलो मी आणि नवरा, समोर दोघं. नवरा सापासारख्या लांब बंकरमागे, मी त्याच्या मागे हाताच्या अंतरावर. मी ओरडले, "उजवीकडे, शंकूपाशी!" तो उठला, झाडल्या, आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूने एक गोळी येऊन त्याच्या कमरेच्या पट्ट्यावर फाट् झाली. मला दिसलं. नारिंगी रंग. त्यालाही कळलं, कारण त्याने कोपर मागे नेलं आणि बाहीने तो पट्टा पुसला. एकदाच. मग पुढे सरकला, शंकूमागचा टिपला, वळला, दुसरा टिपला.

शिट्टी. आम्ही जिंकलो. आमचे तिघे जाळी फाडून आत यायचे बाकी होते.

समोरचा खेळाडू मास्क काढून तरातरा आला. "त्याला लागली होती. माझी गोळी फुटली त्याच्यावर."

पंच म्हणून मैदानवालाच उभा होता. त्याने नवऱ्याकडे पाहिलं. "काय?"

"लागली, पण फुटली नाही," नवरा म्हणाला. "उडून गेली."

असं होतं कधी कधी. गोळी लागते आणि न फुटता टप्पा खाऊन जाते. मग माणूस बाद होत नाही. नवऱ्याची पाठ माझ्याकडे होती आणि त्या पट्ट्यावर पुसल्याची फिकट नारिंगी रेघ मला दिसत होती. लांबून दिसली नसती.

मैदानवाला माझ्याकडे वळला. "ताई, तुमी मागंच हुता."

एका क्षणात माणूस किती विचार करू शकतो याचं मला नवल वाटतं. अंतिम सामना. मित्रांचे चेहरे. घरी जाताना बंद गाडीत हा आणि मी. बाहेर सासूबाई शाल पांघरून. हे सगळं डोक्यात आलं, पण तोंड त्याच्या आधी उघडलं. ते तोंड मी वर्षभर नेमकं यासाठीच तयार केलं होतं की दिसलं की ओरडायचं.

"फुटली होती," मी म्हटलं. "कमरेवर. त्याने पुसली."

शेडमधला प्रेस तेवढा धाडधाड चालू होता. मैदानवाल्याने नवऱ्याच्या कमरेकडे बघितलं, बाहीकडे बघितलं आणि सामना त्यांना दिला. रंग पुसणं ही या खेळातली चोरी समजतात, त्यामुळे सामन्यावर काही चर्चाच झाली नाही.

गाडी नवरा चालवत होता. भोसरीला ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा पुढच्या टेम्पोकडे बघत तो म्हणाला, "बायको आहेस का पंच?"

"खेळाडू आहे," मी म्हटलं.

"मला आधी विचारायचं होतंस."

"काय विचारू? पुसलंस का, असं? सगळ्यांसमोर?"

मागच्या सीटवरून सासूबाईंचा आवाज आला. आम्हाला वाटलं होतं की त्या झोपल्यात.

"लागलं हुतं का न्हाई?"

"आई, तुला त्यातलं कळत नाही."

"लागलं हुतं का?"

"हो."

"मग झालं." आणि त्या खरोखरच झोपल्या.

पुढचे काही दिवस घरात जेवढ्यास तेवढं बोलणं. मीठ दे, दूध आलं का, गॅसवाला येऊन गेला. टीमच्या ग्रुपवर शुकशुकाट. गोलमटोल मित्राने एक फुलांचा सुप्रभात पाठवला, त्यावर कुणी अंगठासुद्धा दिला नाही. मला चुकल्यासारखं वाटत नव्हतं, पण बरोबर वागल्याचा आनंदही होत नव्हता. बरोबर वागून माणसाला इतकं ओशाळं का वाटावं, याचा मला रागच आला होता.

मग एका सकाळी मी चहा करत होते. नवरा पहिली पाळी नसल्याने घरी होता. तो येऊन ओट्याला टेकला. कोपऱ्यातली फरशी डुगडुगली. त्याने तिच्यावर बोट ठेवून ती दाबली.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "गोळी लागली तेव्हा माझ्या डोक्यात हा ओटा आला."

मी गॅस बारीक केला.

"म्हणजे बघ, तुझा ओटा मोडून मी ती मार्कर घेतली. सगळ्यांच्या पुढे आईला खुर्चीवर बसवलं. एवढा खर्च करून कमरेला एक गोळी लागून बाहेर जायचं? हात आपोआप मागे गेला. मला कळायच्या आत."

मी लगेच काहीतरी शहाणपणाचं बोलले असेन असं तुम्हाला वाटेल. मी म्हटलं, "चहात आलं घालू का?" पण मला त्या मुंबईवाल्या पोराची आठवण झाली, पळतानाच बाद होऊन हात वर करून निघून गेलेला. त्याला बाहेर जाणं परवडत होतं. पैसे जास्त होते म्हणून असेल, किंवा जाहिरातवाला भरत होता म्हणून. पण मैदानावर तरी तो कसला हिशोब घेऊन उतरला नव्हता. माझा नवरा मात्र प्रत्येक डावात ओटा पाठीवर घेऊन पळत होता. ओटा घेऊन कोण किती पळणार?

त्याने मार्कर विकली. आमच्याकडून ती नाशिकच्या एका उत्साही माणसाने घेतली, जो येताना बायकोला घेऊन आला नव्हता. मी त्याला सावध केलं नाही. सगळ्यांना स्वतःच्या संसारात स्वतः पडू द्यावं. आलेल्या पैशांत फरशी नीट बसवून झाली. ट्रॉल्या अजून व्हायच्या आहेत.

नवऱ्याने मैदानवाल्याला फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, "भावा, मीबी पुसलीया येकदा. लोकांनी मला दोन वरसं खेळू दिलं न्हाई. तू सस्त्यात सुटला." मग त्यानेच नवऱ्याला दुसरं काम दिलं. भाड्याच्या बंदुका सारख्या बिघडायच्या. हवा गळायची, गोळ्या नळीत फुटून चिकटायच्या. टूलरूममध्ये केसाएवढ्या फरकावरून साचे घासणाऱ्या माणसाला ही कामं म्हणजे सुट्टी होती. रविवारी तो शेडखाली स्टूल टाकून बसतो आणि लोक रांग लावतात. त्या बदल्यात आमच्या टीमला मैदान फुकट. खेळायला तो अजून येतो, भाड्याची बंदूक घेऊन. गोळ्या कमी उडवतो. बाद झाला की आधी हात वर करतो, मग शिवी देतो. पूर्वी उलटं होतं.

भाड्याच्या जड बंदुकीने नवऱ्याला पूर्वीसारखं पळता येईना, तेव्हा आता पुढे कोण पळणार, हा प्रश्न आला. डॉक्टर मला म्हणाला, तूच पळ. मी म्हटलं, मग ओरडणार कोण? बराच विचार करून एचआरवाल्याला ओरडायला शिकवायचं ठरलं. पार्किंगमध्ये त्याच्याकडून घासून घेतलं. विनंती नाही, सूचना नाही, फक्त बाजू आणि जागा. ज्येष्ठ मंडळी खुर्च्यांवरून त्याला दुरुस्त करायची. एकदा तो मनापासून ओरडला तेव्हा चौथ्या मजल्यावरून कुणीतरी खिडकी उघडून विचारलं, काय पेटलंय का.

पुढच्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा पुढे पळाले. शिट्टी वाजली की डोकं खाली घालून सुटायचं, आणि अंगावर फुटली तर फुटली. पहिल्या तीन डावांत पळतानाच बाद झाले. चौथ्यात पोहोचले. सापासारख्या बंकरच्या टोकाला जाऊन पडले आणि तिथून समोरच्यांच्या पाठी दिसतात हे मला तेव्हा कळलं. इतके दिवस आम्ही सगळे त्यांच्या तोंडांशी खेळत होतो.

आम्ही स्पर्धा जिंकली नाही. दुसरे आलो. पहिला नंबर पुण्याच्या कॉलेजच्या पोरांनी नेला. ती पोरं पोहे खाऊन आली होती आणि त्यांना गुडघे नावाचा अवयव असतो हेच अजून माहीत नव्हतं. दुसऱ्या नंबराला बक्षीस म्हणून पेंटचं एक खोकं मिळालं. उघडून बघितलं तर गोळ्या दमट हवेने फुगून एकमेकींना चिकटलेल्या, साबुदाण्यासारख्या. मैदानवाला म्हणाला, "ताई, भावना बघा."

बोटाचं नख काळं पडलं होतं. सोमवारी ऑफिसात मॅनेजरने विचारलं, दारात सापडलं का. मी म्हटलं, नाही, मी पुढे होते.